उंबरठ्यावरचे अडवणारे

शास्त्रभाग : मार्क ९:३३–४२, मार्क १०:१३–१६, लूक ११:४५–५२, अनुवाद ३१:१०–१३

वाचकांनी वरील चारही शास्त्रभाग प्रथम सावकाश वाचून घ्यावेत आणि मगच हा पाठ हाती घ्यावा. यांतील दुसरा भाग आपल्याला इतका परिचयाचा आहे की तो वाचताना डोळे पुढे सरकतात आणि मन मागे राहते. बालकांना आशीर्वाद देणाऱ्या प्रभूचे चित्र आपल्या कितीतरी घरांत भिंतीवर टांगलेले असते. बाळांच्या समर्पणाच्या उपासनेत हाच भाग वाचला जातो. परंतु मार्काने लिहिलेला हा प्रसंग मुळात गोड नाही. तो एका भांडणाचा प्रसंग आहे, आणि ते भांडण प्रभू आणि त्याचे स्वतःचे शिष्य यांच्यात झालेले आहे.

बालके कोणी आणली हे मार्क सांगत नाही. केवळ 'ते आणत होते' एवढेच तो म्हणतो. आया असतील, थोरल्या बहिणी असतील. शिष्यांनी त्यांना दटावले. येथे मार्काने योजलेले क्रियापद साधे नव्हे. पहिल्या अध्यायात प्रभू अशुद्ध आत्म्याला धमकावतो आणि चौथ्या अध्यायात वादळाला, तेथे हेच क्रियापद आहे. म्हणजे जे सामर्थ्य भूत आणि तुफान यांच्याविरुद्ध वापरावयाचे, ते शिष्यांनी लेकुरवाळ्या माणसांविरुद्ध वापरले. त्यावर प्रभूची जी प्रतिक्रिया मार्क नोंदवतो, तीही कडक आहे. मूळ शब्द संतापाचा आहे. मत्तय आणि लूक यांनी हा शब्द गाळला आहे, आणि मराठीत आणतानाही तो सौम्य करण्याचा मोह होतो. हा मोह मलाही अनेकदा झालेला आहे.

आता प्रभूच्या आज्ञेतील मुख्य शब्दाकडे येऊ. आपल्या प्रचलित भाषांतरात तेथे 'मनाई' हा शब्द आहे. ग्रीक क्रियापद 'कोलुओ' असे आहे. त्याचा अर्थ तोंडी मनाई करणे एवढाच नाही. वाट रोखणे, आडवे येणे, जाणाऱ्याला जाऊ न देणे हे सर्व त्यात येते. मनाई करणाऱ्याला निदान बोलावे तरी लागते. अडवणाऱ्याला बोलण्याचीही गरज नसते. तो नुसता दारात उभा राहिला तरी पुरते.

हे क्रियापद मार्काच्या शुभवर्तमानात फार थोड्या ठिकाणी आढळते. एक हे. दुसरे याच्या अगदी जवळ, नवव्या अध्यायाच्या ३८ व्या व ३९ व्या वचनांत, जेथे योहान अभिमानाने सांगतो की आपल्यात नसलेल्या एका माणसाला आम्ही चांगले काम करताना अडवले. लूकने मात्र ते आणखी एका विलक्षण जागी वापरले आहे. अकराव्या अध्यायाच्या अखेरीस प्रभू नियमशास्त्राच्या पंडितांना म्हणतो की ज्ञानाची किल्ली तुम्ही काढून नेली, स्वतः आत गेला नाहीत आणि जे आत जात होते त्यांना अडवले. तेथेही 'कोलुओ' हेच क्रियापद आहे.

ही दोन वचने आपण सहसा शेजारी शेजारी ठेवून वाचत नाही. एक बालकांच्या रविवारासाठी राखलेले, दुसरे परुशी व शास्त्री यांच्यावरील टीकेसाठी. शेजारी ठेवली म्हणजे दिसते की बालकांना प्रभूकडे येऊ न देणारे शिष्य आणि लोकांना ज्ञानाकडे जाऊ न देणारे पंडित यांच्यावर एकाच अपराधाचा आरोप आहे. दोघेही दुष्ट नव्हते. शिष्यांना गुरूचा वेळ वाचवावयाचा होता. पंडितांना शास्त्राचे पावित्र्य राखावयाचे होते. दोघांनाही शिस्त प्रिय होती.

हे विवेचन मी येथे का मांडते आहे, ते सांगणे आता भाग आहे, आणि ते सांगताना मला संकोच वाटतो.

२०२३ च्या पावसाळ्यात भाषांतराच्या कामासाठी मी काही आठवडे बेंगळुरूस होते. मुक्काम महादेवपुरा येथे, माझ्या भाच्याच्या घरी. महादेवपुरा हा शहराच्या पूर्वेकडील भाग. एके काळी वेगळी नगरपरिषद असलेला हा परिसर २००७ मध्ये बृहत् बेंगळुरू महानगरपालिकेत आला आणि २०२५ मध्ये नव्याने झालेल्या बेंगळुरू पूर्व महानगरपालिकेत गेला. व्हाइटफील्डच्या संगणक कंपन्यांमुळे येथे पंचवीस-तीस वर्षांत जे बांधकाम झाले, त्याला गणती नाही. मार्च २०२३ मध्ये कृष्णराजपुरम ते व्हाइटफील्ड ही मेट्रो सुरू झाली आणि बांधकामास आणखी जोर चढला. हे सारे उभे करणारे हात कलबुर्गी, यादगीर, रायचूर येथून आलेले असतात, बंगाल, ओडिशा, बिहारमधून आलेले असतात. काही कुटुंबे बीदर जिल्ह्याच्या औराद, भालकी या भागांतील असतात. तो आपल्या लातूर-नांदेडला लागून असलेला मुलूख. त्यांच्या घरांत मराठी बोलली जाते.

अशाच एका कुटुंबातील बाई भाच्याच्या घरी धुण्याभांड्यास येत असे. तिच्यासोबत दहा वर्षांची मुलगी येई आणि मुलीच्या कडेवर दीड वर्षाचा भाऊ असे. आई काम करीत असताना मुलगी बाळाला घेऊन स्वयंपाकघराबाहेरच्या कोपऱ्यात बसे. तोच माझ्या कामाच्या मेजासमोरचा कोपरा. मी लेवीयच्या पुस्तकातील अर्पणांच्या परिभाषेत गढलेली. बाळ रडले की मी मान वर करून पाही, आणि मुलगी त्याला घेऊन निमूटपणे जिन्यात जाऊन उभी राही. मी तिला कधी रागावले नाही. नुसते पाहिले.

दोन आठवडे असेच गेले. एके सकाळी भाचेसून मला म्हणाली, "आत्या, तुमच्यापुढे रोज ही मुलगी बसते. तुम्ही मराठीत बोलता, तीही मराठीत बोलते. ही शाळेत का जात नाही, असे तुम्ही तिला एकदा तरी विचारलेत का?"

मी विचारले नव्हते.

ग्रीक भाषेत 'पाइस' असा एक शब्द आहे. त्याचा अर्थ मूल असाही होतो आणि चाकर असाही. मत्तयाच्या आठव्या अध्यायातील शताधिपतीचा 'पाइस' त्याचा चाकर होता की मुलगा, यावर भाषांतरकारांची पुष्कळ चर्चा झालेली आहे. लूकच्या शुभवर्तमानात त्याच गोष्टीत स्पष्टपणे दास म्हटले आहे, म्हणून आपण बहुधा चाकर असे करतो. मराठीतही 'पोऱ्या' या शब्दात हीच दुहेरी सोय आहे. चहाच्या टपरीवर ज्याला आपण पोऱ्या म्हणतो, तो कोणाचा तरी पोर असतो हे त्या शब्दातच लिहिलेले आहे, तरी ते ऐकू येत नाही. माझ्या समोरच्या कोपऱ्यात दोन आठवडे जी बसली होती, तिला मी कामवालीची मदतनीस असे वाचले होते. भाचेसुनेने त्याच शब्दाचा दुसरा अर्थ वाचला.

मार्काने बालकांसाठी वापरलेला 'पाइदिओन' हा शब्द याच घराण्यातला. पाचव्या अध्यायात याईराच्या कन्येलाही तो हाच शब्द लावतो आणि लगेच सांगतो की ती बारा वर्षांची होती. तेव्हा आपल्या भिंतीवरच्या चित्रात केवळ गुटगुटीत तान्ही बाळे असणे पुरेसे नाही. त्यांना कडेवर घेऊन आलेली दहा-बारा वर्षांची थोरली भावंडेही त्या शब्दाच्या कक्षेत येतात.

मुलीची हकिकत फारशी निराळी नव्हती. गावी मराठी शाळेत तिसरीपर्यंत शिकली. आईवडील बेंगळुरूस आले तेव्हा वर्ष मध्यावर होते. येथे एका शाळेत वडील घेऊन गेले, तर शाळा सोडल्याचा दाखला आणा म्हणून सांगितले. दाखल्यासाठी गावी जावयाचे म्हणजे चार दिवसांची मजुरी आणि गाडीभाडे. ते राहून गेले. पुढल्या वर्षी बाळ झाले आणि प्रश्न संपला.

कायदा येथे अगदी स्पष्ट आहे, आणि माझ्यासारख्या सुशिक्षितांनाही तो ठाऊक नसतो. संविधानाच्या ८६ व्या दुरुस्तीने २००२ मध्ये शिक्षणाचा मूलभूत हक्क आला. त्यास अनुसरून २००९ मध्ये झालेला बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यातील कलम ५ सांगते की शाळा बदलणाऱ्या मुलाला आधीच्या शाळेने दाखला ताबडतोब द्यावयाचा आहे, आणि दाखला मिळण्यास उशीर झाला म्हणून नव्या शाळेला प्रवेश नाकारता येत नाही. कलम १४ सांगते की वयाचा पुरावा नाही म्हणून कोणालाही परत पाठवता येत नाही. कलम १५ नुसार वर्ष सुरू होऊन गेले हेही कारण चालत नाही. आणि कलम ४ प्रमाणे शाळेबाहेर राहिलेल्या मुलाला त्याच्या वयाच्या वर्गात घालून, मागे पडलेला अभ्यास भरून काढण्यासाठी विशेष शिकवणी द्यावयाची आहे. दहा वर्षांच्या मुलीला पहिलीत बसवून लाजवावयाचे नाही. ही चार कलमे प्रत्येक मंडळीच्या सूचनाफलकावर लावण्याजोगी आहेत. ज्ञानाची किल्ली म्हणजे पुष्कळदा असा एक साधा कागद असतो, आणि तो नेमका त्यांच्याच खिशात राहतो ज्यांना स्वतःला त्या दारातून जाण्याची गरज उरलेली नसते.

भाचेसून आणि तिच्या ओळखीच्या चार-पाच स्त्रिया यांचा एक गट या कामात आधीपासून होता. काही आपल्या मंडळीच्या, दोघी हिंदू, एक मुसलमान शिक्षिका. पहिल्या वर्षी त्यांनी जे केले, ते आपण सर्वच करतो. दप्तरे वाटली, वह्या वाटल्या, छायाचित्र काढले. दप्तरे मिळालेली बरीचशी मुले दिवाळीपर्यंत शाळेतून दिसेनाशी झाली. तेव्हा त्या गटातील शिक्षिकेने सर्वांना बसवून सांगितले की आपण मुलांना काय हवे ते ठरवले, त्यांच्या आयांना काय अडते ते विचारलेच नाही. मग त्या वस्तीत गेल्या आणि विचारू लागल्या. उत्तरे दप्तराची नव्हतीच. धाकटे भावंड कोणाजवळ ठेवायचे? वाटेतला मोठा रस्ता मूल एकटे कसे ओलांडणार? दाखला नाही. भाषा कळत नाही. आणि एका आईचे उत्तर असे की शाळेत आम्हांला सहीसाठी बोलावतात, आम्हांला सही येत नाही, तिथे उभे राहायला लाज वाटते.

या यादीत आळस कोठेही नाही, हे मला विशेष नमूद करावेसे वाटते. कारण 'या लोकांना शिक्षणाचे महत्त्वच कळत नाही' हे वाक्य मी आपल्या मंडळ्यांच्या सभांतून अनेकदा ऐकले आहे. हैदराबादच्या एम. व्ही. फाउंडेशनने १९९१ पासून रंगारेड्डी जिल्ह्यात जे काम उभे केले, त्याचा अनुभव या वाक्याच्या नेमका उलट आहे. शांता सिन्हा व त्यांच्या सहकाऱ्यांनी गरीब पालकांना मुलांना शिकवायचे असते हेच गृहीत धरून आरंभ केला, कामावरच्या मुलांसाठी निवासी सेतुवर्ग घेतले, आणि गावातील तरुण, शिक्षक, पंचायत, पालक यांना एकत्र आणून 'शाळेत नसलेले प्रत्येक मूल हे कामावरचेच मूल' असा सामाजिक नियम रुजवला. सिन्हा यांना २००३ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला आणि २००७ मध्ये त्या राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाच्या पहिल्या अध्यक्षा झाल्या. पैसे वाटून हे झाले नाही. मूल आणि शाळा यांच्यामध्ये काय आडवे येते, ते गावाने मिळून शोधले.

धाकट्या भावंडाचा प्रश्न तर जुना आहे. निर्गमाच्या दुसऱ्या अध्यायात नदीकाठच्या लव्हाळ्यांत बाळाची पेटी ठेवलेली आहे आणि दूर उभी राहून त्याची बहीण पाहत आहे. आपण या बहिणीचे मोठे कौतुक करतो, आणि ते योग्यच आहे. परंतु तिचे ते उभे राहणे फारो नावाच्या एका राजाच्या क्रूरपणामुळे होते, हे विसरू नये. आजही कोणा मुलीला दिवसभर बाळाजवळ उभे राहावे लागत असेल, तर येथला फारो कोण, हे विचारावे लागेल. दिल्लीत १९६९ मध्ये मीरा महादेवन यांना बांधकामावरच्या धुळीत पडलेली बालके दिसली आणि त्यांनी तेथेच एक पाळणाघर सुरू केले. त्यातून 'मोबाईल क्रेशेस' ही संस्था उभी राहिली. पुढे मुंबईत व पुण्यातही असे काम झाले. बांधकामाच्या जागीच पाळणाघर असले म्हणजे तान्हे बाळ तर सुरक्षित राहतेच, शिवाय त्याची थोरली बहीण मोकळी होते. १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्याच्या कलम ३५ नुसार पन्नासपेक्षा अधिक स्त्रिया जेथे सामान्यतः कामास असत, तेथे सहा वर्षांखालील मुलांसाठी योग्य खोलीची सोय मालकाने करावयाची होती. आपल्या मंडळ्यांतून अभियंते आहेत, कंत्राटदार आहेत, नव्या सदनिकांचे मालक तर पुष्कळच आहेत. आपले घर ज्या जागी बांधले जात होते, तेथे अशी खोली होती काय, हा प्रश्न मी भाच्याला विचारला. तो काही बोलला नाही. मीही माझ्या पुण्याच्या सदनिकेबद्दल असे कधी विचारले नव्हते.

भाषेविषयी दोन शब्द अधिक लिहिते, कारण तो माझ्या कामाचा विषय आहे. त्या मुलीला मराठी वाचता येत होते. तिला कन्नड बोलणे थोडेफार कळे, पण लिपी परकी. शिक्षकाने फळ्यावर लिहिले की तिच्या दृष्टीने ती नक्षी. जे मूल दोन वर्षांपूर्वी वाचत होते, ते येथे एकाएकी निरक्षर ठरले. ही काही बुद्धीची उणीव नव्हे. नहेम्याच्या आठव्या अध्यायात एज्राने नियमशास्त्र वाचले तेव्हा लेवी लोक समुदायामध्ये उभे राहून त्याचा अर्थ उलगडून सांगत होते, असे आपण वाचतो. बाबेलहून परतलेल्यांच्या मुलांची भाषा बदललेली होती. लेव्यांनी त्यांना 'आधी शुद्ध इब्री शिकून या' असे म्हटले नाही. ते त्यांच्या बाजूला जाऊन उभे राहिले. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती सदनात हेच केले. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून व अन्य ठिकाणांहून शेकडो मुलींना आणले, त्यांना शिकवले, छापखान्याचे काम शिकवले, आणि साध्या, अल्पशिक्षित बाईला कळेल असे पवित्र शास्त्राचे भाषांतर स्वतः मूळ भाषांवरून केले. रमाबाई एप्रिल १९२२ मध्ये वारल्या. त्यांचे संपूर्ण शास्त्र १९२४ मध्ये मुक्तीच्या छापखान्यातून बाहेर पडले, आणि त्याचे खिळे जुळवणारे हात तेथे शिकलेल्या मुलींचेच होते. आम्हां भाषांतरकारांना रमाबाईंच्या काही शब्दयोजना आज पटत नाहीत. पण वाचणारी कोण, हा प्रश्न त्यांनी भाषांतराच्या आधी विचारला होता, शेवटी नव्हे.

महादेवपुऱ्याच्या गटाने भाषेसाठी फार मोठे काही केले नाही. मुलीला घरच्या भाषेतून वाचू दिले, म्हणजे तिचा वाचण्याचा आत्मविश्वास परतला. आणि त्याच शब्दांना कन्नड अक्षरे लावून शिकवली. मराठी-कन्नडमध्ये सामाईक शब्द थोडे नाहीत, 'अक्का', 'अण्णा' यांपासूनच आरंभ करता येतो. सर्जापूर रस्त्याच्या परिसरात २०१५ पासून 'गुब्बच्ची' नावाची एक संस्था स्थलांतरित मुलांसाठी असेच सेतुवर्ग सरकारी शाळांच्या सहकार्याने चालवते. गुब्बच्ची म्हणजे कन्नडमध्ये चिमणी. ती ख्रिस्ती संस्था नाही. आमच्या गटातील एका ज्येष्ठ बांधवांनी विचारले की आपण त्यांच्याकडून शिकायचे काय? येथे मार्काच्या नवव्या अध्यायातील योहानाचे बोलणे आठवावे. तो ज्या माणसाला अडवून आला, तो प्रत्यक्ष काम करीत होता, आणि थोड्याच आधी शिष्यांना तसलेच काम जमलेले नव्हते.

आपल्या महाराष्ट्रातील वाचकांना हे दूरच्या शहराचे वाटू नये म्हणून बीडची आठवण देते. ऊसतोडीला नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता धरला जातो. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. दिवाळीच्या सुमारास गाड्या भरतात आणि मुले वर्षाच्या मध्यावर शाळेतून जातात. परतताना परीक्षा होऊन गेलेली असते. कारखान्यांच्या परिसरात साखरशाळा काढण्याचा प्रयोग झाला, आणि त्यात औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, जनार्थ संस्थेने बरेच काम केले. नंतर शासनाने हंगामी वसतिगृहांचा मार्ग धरला. मूल गावीच आजीपाशी किंवा नातेवाइकांपाशी राहते, आपल्याच शाळेत जाते, आणि त्याच्या जेवणाची व्यवस्था शाळा व्यवस्थापन समितीमार्फत होते. माझे मत या दुसऱ्या मार्गाच्या बाजूचे आहे, जरी आईपासून सहा महिने दूर राहणाऱ्या मुलाचे दुःख कोणत्याही अनुदानाने भरून येत नाही. ज्या गावी आपली मंडळी आहे, प्रार्थनामंदिराची एक खोली आठवड्याचे सहा दिवस कुलुपात आहे, तेथे या वसतिगृहाशी आपला काय संबंध आहे, हे पाहावे. अहमदनगरच्या परिसरात सिंथिया फॅरार यांनी १८३९ पासून मुलींच्या शाळा चालवल्या आणि जोतीराव फुल्यांनी त्या पाहिल्या, याचा आपण अभिमानाने उल्लेख करतो. १८८२ मध्ये त्याच जोतीरावांनी हंटर आयोगापुढे निवेदन केले की शेतकऱ्यांची मुले गुरे राखण्यासाठी आणि शेतकामासाठी घरी ठेवली जातात, तेव्हा निदान बारा वर्षांपर्यंत शिक्षण सक्तीचे करावे आणि या मुलांना शाळेत आणण्यासाठी शिष्यवृत्त्या व बक्षिसे द्यावीत. सक्ती आणि सोय, दोन्ही त्यांनी एकत्र मागितल्या होत्या.

आपली रविवारची शाळासुद्धा मुळात अशीच निघाली. ग्लॉस्टर शहरातील टाचण्यांच्या कारखान्यांत सहा दिवस राबणाऱ्या मुलांना सातव्या दिवशी वाचायला शिकवावे म्हणून रॉबर्ट रेक्स यांनी १७८० मध्ये ती सुरू केली. आज आपल्या रविवारच्या शाळेत येणारी मुले आठवड्याचे सहा दिवस उत्तम शाळांत जातात. ज्यांच्यासाठी ती निघाली, ती मुले त्या वेळी बाहेर वाहनतळावर गाड्या पुसत असतात.

अनुवादाच्या ३१ व्या अध्यायात मोशे आज्ञा करतो की सातव्या वर्षी मांडवांच्या सणात सर्वांना जमवून नियमशास्त्र वाचून दाखवावे. जमवायचे कोणाला? पुरुष, स्त्रिया, बालके आणि वेशींच्या आत राहणारा 'गेर'. इब्री 'गेर' या शब्दाला आपण उपरा म्हणतो. त्याचा नेमका अर्थ आपली जमीन, आपले गोत सोडून दुसऱ्यांच्या गावात पोटासाठी राहणारा असा आहे. बांधकामावरच्या पत्र्याच्या खोलीत राहणाऱ्याला याहून योग्य शब्द मला सापडत नाही. जानेवारी २०२० मध्ये महादेवपुरा मतदारसंघातीलच करियम्मन अग्रहार येथे अशा लोकांची घरे पाडण्यात आली. ते परदेशी घुसखोर आहेत असे सांगितले गेले, प्रत्यक्षात त्यांत उत्तर कर्नाटकातलीही कुटुंबे होती. त्याच महिन्यात कर्नाटक उच्च न्यायालयाने ती कारवाई थांबवली. परंतु ज्याचे घर रविवारी पडले, ते मूल सोमवारी कोणत्या पत्त्यावरून शाळेत जाणार? मोशेच्या आज्ञेत गेराचे मूल पाहुणे म्हणून येत नाही. ऐकण्याचा आणि शिकण्याचा त्याचा हक्क आज्ञेतच लिहिलेला आहे.

त्या मुलीचे पुढे काय झाले ते सांगते. गटातील दोघींनी कायद्याचे कलम छापील घेऊन जवळच्या सरकारी शाळेत मुख्याध्यापिकांची भेट घेतली. त्यांनी अडवले नाही. उलट अशी आणखी मुले असतील तर आणा म्हणाल्या. बाळासाठी वस्तीतील एका आजीबाईंना गटाने थोडे मानधन ठरवून दिले आणि त्यांच्याकडे पाच-सहा बाळे राहू लागली. रस्ता ओलांडून देण्याची पाळी लावली. मी परतण्याआधीचे दहा दिवस सकाळची पाळी माझी होती. मुलगी चालताना पाढे म्हणे, मराठीतून. दुपारी शाळेत जेवण मिळते आणि दूधही मिळते, ही बातमी तिने मला मोठ्या महत्त्वाने सांगितली. माझ्या मेजासमोरचा कोपरा रिकामा झाला आणि लेवीयचे काम, खरे सांगते, काही अधिक वेगाने झाले नाही.

पुढल्या फेब्रुवारीत इमारत पूर्ण झाली आणि मुकादमाने कुटुंबाला शहराच्या दुसऱ्या टोकाला नेले. भाचेसुनेचा फोन आला तेव्हा तिचा स्वर पडलेला होता. मी विचारले, दाखला? ती म्हणाली, "आत्या, आईने आदल्या दिवशी स्वतः शाळेत जाऊन मागून घेतला. सहीच्या जागी अंगठा दिला. घडी करून ब्लाउजात ठेवला आणि मला म्हणाली, आता हा माझ्यापाशी राहील."